उरेब पट्ट्यांचा दोर

१

वरच्या खोलीचं कुलूप रोज सकाळी शेठ स्वतः काढायचा. त्याच्या मागे चहाचा कप घेऊन त्याची बायको उभी असायची. तिला घरात आणि कारखान्यात सगळेच वहिनी म्हणत, आणि तेही इतकी वर्षं की तिचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या कारागिरांनी डोकं खाजवलं असतं. त्या सकाळीही रोजच्यासारखंच चाललं होतं. किल्ल्यांचा जुडगा कुलपासकट कोयंड्यात लटकत ठेवून शेठने दार ढकललं, एक पाऊल आत टाकलं आणि तो जागीच थांबला.

समोरची खिडकी सताड उघडी होती. चौकटीला पांढऱ्या कापडी पट्ट्यांचा दोर बांधलेला होता आणि तो बाहेर लोंबत होता. पलंग रिकामा होता.

शेठ खिडकीकडे धावला, वहिनीही धावली, आणि दोघं कमरेपासून बाहेर वाकली. दोर थेट मागच्या बोळात उतरला होता. बोळाच्या दोन्ही बाजूंना गोदामांच्या बिनखिडक्यांच्या भिंती. खाली चिटपाखरू नव्हतं.

“पळाली,” शेठ म्हणाला.

पळालेली म्हणजे त्याची बहीण. घरात तिला धाकटी म्हणत. तळमजल्यावर कपडे शिवायचा कारखाना, मधल्या मजल्यावर घर आणि सगळ्यात वर ही कापणीची खोली, अशी त्यांची इमारत होती. कारखान्याचं नाव झालं होतं ते शेठमुळे, असं शेठ सांगायचा. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं की ते धाकटीच्या कात्रीमुळे झालं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने तिला बोलावलं आणि एका दुपारी जेवता जेवता ती म्हणाली, “मी जाणार.” त्या दिवसापासून वरच्या खोलीला बाहेरून कुलूप लागलं. हातातली घेरदार झग्यांची ऑर्डर पुरी होईपर्यंतच, असं शेठ म्हणे. ती पुरी होत आली की दुसरी यायची.

आणि आज दुपारी त्या खिडकीला लोखंडी जाळी बसवायला माणूस येणार होता. बिनजाळीची अशी तेवढी एकच खिडकी घरात उरली होती.

खाली बघताना वहिनीला आधी धस्स झालं आणि पाठोपाठ मनापासून आनंद झाला. सुटली एकदाची. तो आनंद तोंडावर दिसू नये म्हणून ती सांडलेला चहा पुसायला खाली बसली.

कोयंड्यातला जुडगा ओढून घेऊन शेठ धडाधड जिने उतरला. लोखंडी गेट उघडून बाहेर गेला आणि जाताना सवयीने बाहेरून कुलूप घालूनच गेला. बोळ, कोपरा, मोठा रस्ता, सगळं पालथं घालून घामाघूम होऊन परत आला, गेटला आतून कुलूप घातलं आणि सगळ्यांचे फोन काढून आपल्या खणात टाकले.

“घरातल्या कोणाचा तरी हात आहे यात,” तो म्हणाला. “कोणाचा ते कळेपर्यंत इथून कोणी हलणार नाही.”

हे बोलताना तो बायकोकडेच बघत होता.

२

पोलिसांत जायची सोय नव्हती, कारण मग कुलपाची गोष्ट सांगावी लागली असती. म्हणून शेठने फौजदारबाईंना बोलावलं. त्यांचे गणवेश वर्षानुवर्षं याच कारखान्यात शिवले गेले होते. आता त्या निवृत्त होत्या, गुडघ्यांनी बेजार होत्या, आणि लोकांच्या घरातल्या भानगडी गाजावाजा न करता निस्तरून देत. त्या आत आल्या आणि त्यांच्या पाठीमागे शेठने पुन्हा कुलूप घातलं.

“मलाही कोंडलंत का?” त्यांनी विचारलं. शेठ हसला. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी पहिला प्रश्न शेठलाच केला. “खोलीला बाहेरून कुलूप कोणी लावलं होतं?”

“मीच. तिच्या भल्यासाठी.”

फौजदारबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. त्या नक्की कोणाच्या बाजूच्या, याचा वहिनीला काही पत्ता लागेना, आणि तिची भीती वाढली.

घरात संशय घ्यायला माणसं तरी किती. आठवड्याच्या सुट्टीमुळे कारागीर नव्हते. एक सासूबाई, म्हणजे शेठची आणि धाकटीची आई. तिला शेठने गेटपाशी खुर्ची टाकून राखणीला बसवलं होतं. तिने फौजदारबाईंना फार दाद दिली नाही. पोरीला इथे काय कमी होतं, एवढंच ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा तिची नजर जमिनीवर होती. दुसरा मास्तर. कारखान्यातला सगळ्यात जुना कापणारा, धाकटीच्या हातात पहिली कात्री त्यानेच दिली. तो कारखान्यामागच्या खोलीत राहायचा. त्याने सरळ कानावर हात ठेवले. आपण झोपलो होतो, शेठच्या आरडाओरड्याने जागे झालो, यापलीकडे आपल्याला काही माहीत नाही.

“झोपेत इतका घाम?” फौजदारबाईंनी विचारलं. मास्तरचा सदरा पाठीला चिकटला होता.

मास्तर म्हणाला, वय झालं.

तिसरी वहिनी. तिची चौकशी मात्र खोलीत, दोरासमोर होईल, असं फौजदारबाईंनी जाहीर केलं आणि जिन्याचा कठडा धरून त्या वर निघाल्या. शेठ मागोमाग आला. त्याने पुन्हा खोलीचं कुलूप काढलं. रिकाम्या खोलीलाही त्याने कुलूप घातलं होतं.

३

दोर ओढून आत घेतला आणि कापणीच्या लांब टेबलावर पसरला. शेठला त्यात दिसलं ते एवढंच की ऑर्डरचं चांगलं कापड मातीमोल झालं. झग्यांच्या घेराला लावायच्या रुंद पट्ट्या धाकटीने कापून ठेवल्या होत्या, त्याच तिने एकमेकींना बांधल्या होत्या. किती वार फुकट गेलं, हे शेठ बराच वेळ सांगत बसला. मग जाळीवाल्याला कुठल्या मापाचे गज सांगितलेत ते पुन्हा तपासायला तो खाली गेला.

“सूनबाई, एक गाठ सोडा बघू,” फौजदारबाई म्हणाल्या. “माझी बोटं आता वळत नाहीत.”

वहिनीने गाठीला हात घातला. ती दोन बोटांत सुटली. दुसरीही तशीच. मग तिने सुटलेली पट्टी दोन्ही हातांत धरून सवयीने ताणली आणि तिचे हात तिथेच थांबले.

“काय झालं?”

“काही नाही.”

“शिवणाऱ्या घरातली बाई कापड हातात घेऊन अशी उगीच थांबत नाही,” फौजदारबाई म्हणाल्या.

वहिनीने पट्टी पुन्हा टेबलावर ठेवली. जे कळलं ते सांगावं तर धाकटीचं काय होईल, आणि न सांगावं तरी बाईंना कळल्यावाचून राहणार नाही, अशी तिची कोंडी झाली. कापडात उभे धागे असतात, आडवे असतात, आणि ते एकमेकांना काटकोनात छेदतात. धाग्याच्या दिशेने कापलेली पट्टी ओढली तर ती तसूभरही वाढत नाही. पण कापड तिरकं ठेवून, काटकोनाच्या बरोबर मधून कात्री चालवली की निघते ती उरेब पट्टी. ती ओढली की धाग्यांचे चौकोन कोपऱ्यावर ताणले जातात. बाजू तेवढ्याच राहतात, कोन मात्र बदलतात, आणि प्रत्येक चौकोन पतंगासारखा लांबुळका होतो. घेराला सुंदर लहर येते ती त्यामुळेच. दोराला मात्र यासारखं वाईट कापड नाही.

आणि हा सगळा दोर उरेब होता.

फौजदारबाईंनी तिच्या उत्तराची वाट पाहिली नाही. टेबलाखाली पडलेली एक उरलेली पट्टी त्यांनी उचलली, भिंतीतल्या खुंटीला बांधली आणि खालच्या टोकाला कारखान्याची जडशीळ इस्त्री अडकवली. पट्टी बघता बघता हातभर वाढली आणि आक्रसून फितीएवढी अरुंद झाली. इस्त्री काढली तरी ती पुरती जागेवर आली नाही. गाठ तर इतकी करकचून बसली होती की वहिनीच्या नखालाही दाद देईना.

दोघींनी टेबलावरच्या दोराकडे पाहिलं. त्याच्या पट्ट्या कापल्या तेव्हा होत्या तेवढ्याच रुंद होत्या.

“यावरून मांजरसुद्धा उतरलेलं नाही,” फौजदारबाई म्हणाल्या. “मग दाराला बाहेरून कुलूप असताना तुमची नणंद गेली कुठून?”

४

वहिनीच्या डोक्यात तोच प्रश्न घुमत होता. किल्ली शेठच्या जुडग्यात, जुडगा त्याच्या उशाशी. दार मोडलेलं नाही. फौजदारबाईंनी तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि सकाळी काय काय दिसलं ते सांगायला लावलं. आधी खिडकी, मग दोर, मग पलंग.

“रोज दार उघडलं की आधी काय दिसतं?”

“मी,” वहिनी म्हणाली आणि स्वतःच चपापली.

तसंच होतं ते. खोलीचं दार उजव्या भिंतीलगत होतं आणि आत उघडून त्याच भिंतीला टेकायचं. त्याच भिंतीच्या पलीकडच्या टोकाला, कोपऱ्यात, कपडे घालून बघायचा मोठा उभा आरसा दाराकडे तोंड करून ठेवलेला होता. दार उघडलं की रोज सकाळी वहिनीला त्यात हातात कप घेतलेली एक बाई दिसे. तिचे केस विस्कटलेले असत, आणि वहिनी मोकळ्या हाताने ते सारखे करी. गेले कित्येक दिवस तिने स्वतःकडे बघितलं ते तेवढंच.

“आज मी दिसले नाही,” ती म्हणाली. “आरसाच दिसला नाही.”

फौजदारबाईंनी दार हळूहळू लोटायला सुरुवात केली. अर्ध्यावर आलं तेव्हा खिडकी आणि पलंग दिसायला लागले, पण फळी मध्ये येत असल्याने आरसा झाकलेलाच राहिला. आणखी थोडं लोटलं तरी तो दिसेना. दार पूर्ण काटकोनात जाऊन भिंतीला टेकलं तेव्हा कुठे कोपऱ्यातल्या आरशापर्यंत नजर सरळ पोचली, आणि वहिनीला स्वतःचा पांढराफटक चेहरा दिसला.

“म्हणजे सकाळी दार भिंतीला टेकलं नाही,” फौजदारबाई म्हणाल्या. “मध्येच कशाला तरी अडलं. भिंत आणि फळी यांच्यामध्ये त्रिकोणी जागा राहते. सडपातळ माणूस तिथे छान उभं राहतं. तुमचे यजमान खिडकीकडे धावले, तुम्ही धावलात, दोघांनी पाठ फिरवली आणि माना बाहेर काढल्या. ती तुमच्या पाठीमागून दारातून चालत बाहेर पडली. दोर तिने खाली उतरायला बांधलाच नव्हता, तुम्हाला खिडकीकडे पळवायला बांधला होता.”

वहिनीला क्षणभर धाकटीचं इतकं कौतुक वाटलं की ती हसलीच. मग पुढचं तिच्या लक्षात आलं आणि हसू मावळलं. कोयंड्यातला जुडगा काढला तर किल्ल्या वाजणार, म्हणून धाकटीचा बेत असा असणार की घरदार बोळात धावेल, गेट उघडं राहील. पण शेठ बाहेर जाताना कुलूप घालून गेला. परत आल्यावर आतून घातलं. त्यानंतर गेट उघडलं ते फक्त फौजदारबाईंना आत घ्यायला, तेही शेठने स्वतः दारात उभं राहून.

“ती घरातच आहे,” वहिनी पुटपुटली. सकाळपासून ती मनातल्या मनात नाचत होती, आणि ती पोर इथेच कुठेतरी श्वास रोखून बसली होती. पाण्याचा घोट नाही की काही नाही.

“बाई, तुम्ही त्यांना सांगणार?”

“मी शेठना शब्द दिलाय. ती कुठे आहे ते शोधून सांगेन म्हणून,” फौजदारबाई म्हणाल्या. “मला खोटं बोलता येत नाही, सूनबाई. नोकरीत असतानाही कधी जमलं नाही. चला खाली.”

५

कारखान्यात सुट्टीच्या दिवशी वेगळंच वाटायचं. यंत्रं झाकलेली, पंखे बंद, आणि हवा जागच्या जागी. सगळ्या खिडक्यांच्या जाळ्यांमधून उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते. वहिनीला या जाळ्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र त्या तिच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. आपल्याला कोणी कोंडलेलं नाही असं ती इतकी वर्षं समजत होती. मग शेवटची एकटी रस्त्यावर कधी गेले होते, हे तिला आठवेना.

शेठ येरझाऱ्या घालत होता. जाळीवाला तासाभरात येतोय, असं त्याने सांगितलं. धाकटी सापडली की सरळ वर, आणि मग खिडकीचाही प्रश्न मिटला. तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला, दुधाचा हिशेब सांगावा तसं. वहिनी खाली मान घालून ऐकत राहिली आणि मग तिने सहज मान वर केली.

मागच्या भिंतीला कापडाचे मोठे रोल रांगेने टेकून उभे असत. माणसाहून उंच, नेहमी सारख्याच लांबीचे, आणि मास्तरच्या शिस्तीप्रमाणे भिंतीशी जवळपास सरळ उभेच. त्यांची टोकं वर्षानुवर्षं एकाच उंचीवर घासून भिंतीवर एक मळकट आडवी रेघ उमटली होती. ती रेघ कधी दिसत नसे, कारण रोलांची टोकं बरोबर तिच्यावर असत.

आज रेघ दिसत होती. टोकं तिच्या चांगली वीतभर खाली होती.

रोल काही रात्रीत आखूड होत नाही. शिडीसारखंच असतं ते. भिंतीला टेकवलेल्या वस्तूचं वरचं टोक खाली आलं, तर त्याचा अर्थ तिचा पाय पुढे सरकलाय, जमिनीशी होणारा कोन कमी झालाय, आणि मागची जागा वाढलीय. माणूस उभा राहायच्या ऐवजी बसू शकेल इतकी. आतून ढकलून एकटीला हे जमण्यासारखं नव्हतं. कोणीतरी बाहेरून एकेक पाय ओढला होता, आतलीला जरा टेकता यावं म्हणून. वहिनीने पलीकडे कात्री पुसत उभ्या असलेल्या मास्तरच्या ओल्या सदऱ्याकडे पाहिलं. त्याने मायेने केलेल्या कामामुळेच ती उघडी पडली होती.

नेमक्या त्याच वेळी शेठ चालून चालून थकला आणि एका रोलावर हात टेकून उभा राहिला.

शेठने हाताखाली पाहिलं, रोल जरा हलल्यासारखा वाटला म्हणून असेल. मास्तरच्या हातातली मोठी कात्री खणखणत फरशीवर पडली.

“जपून,” शेठ त्याच्यावर खेकसला आणि भिंतीपासून दूर झाला. “पातं मोडलं तर भरून देणार आहेस?”

वहिनीने सुटकेचा श्वास टाकला आणि वळून बघितलं. फौजदारबाई चष्म्याच्या वरून भिंतीवरच्या रेघेकडे टक लावून बघत होत्या.

६

“शेठ,” फौजदारबाई म्हणाल्या, “कोडं सुटलं.”

मास्तरने डोळे मिटून घेतले. फौजदारबाईंनी स्टूल ओढून घेतलं, गुडघे चोळत बसल्या आणि इस्त्रीची गोष्ट सांगितली. दोर कोरा आहे. त्यावरून कोणी उतरलेलं नाही. शेठला कापडातलं कळत होतंच, फक्त त्याने इतक्या वेळात त्या दृष्टीने बघितलं नव्हतं. त्याच्या ते चटकन लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे घरातच आहे. मग आता शोधतोच.”

“शोधाल. पण तुम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या. ती कुठे आहे, आणि तिला मदत कोणी केली. पहिली मी सांगणारच आहे. ती आधी सांगितली तर तुम्ही तिच्याकडे धावाल आणि दुसरी राहून जाईल. कुलूपबंद खोलीतून ती बाहेर कशी पडली, ते मला तुम्हाला प्रत्यक्ष दाखवायचंय. मग कोणाचा हात होता ते आपोआप दिसेल.”

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. मदत कोणीच केली नव्हती, निदान खोलीतून बाहेर पडायला तरी. हे त्यांनीच तर मघाशी सिद्ध केलं होतं. खोटं बोलता येत नाही म्हणणारी बाई हे काय बोलत होती, आणि कोणासाठी? शेठची नजर पुन्हा बायकोवर येऊन थांबली होती, आणि आपला बळी द्यायचं ठरलंय अशी तिची जवळजवळ खात्री झाली.

“मास्तर, तुम्ही इथेच थांबा. शेठच्या आई गेटवर आहेतच,” फौजदारबाई उठल्या. “सूनबाई, चला. धाकटीचं काम तुम्हालाच करायचंय.”

७

वर गेल्यावर शेठने कुलूप काढलं आणि जुडग्यासकट कोयंड्यात अडकवलं, रोजच्यासारखंच. फौजदारबाईंनी सगळ्यांना जागा नेमून दिल्या. वहिनी दाराच्या मागे, भिंतीला पाठ लावून. स्वतः त्या खोलीच्या मधोमध स्टुलावर. शेठ उंबऱ्याबाहेर. त्याने दार ढकलायचं, खिडकीशी धावायचं, आणि सकाळी वाकला होता तेवढंच बाहेर वाकून बोळाची दोन्ही टोकं नीट बघायची.

दाराआडच्या जागेत वहिनीला पुरता श्वास घेता येईना. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला फळी, आणि दोन्ही तिच्या खांद्यांना लागत होत्या. धाकटी पहाटेपासून अशीच उभी असेल. आपल्याइतकीच घाबरली असेल, आणि तरी उभी राहिली.

दार ढकललं गेलं. ते तिच्या पावलांना अडून तिरकं थांबलं. शेठ आत आला, उजवीकडे ढुंकूनही न बघता सरळ खिडकीकडे गेला आणि बाहेर वाकला.

“डावीकडचं टोक दिसतंय का?” फौजदारबाईंनी विचारलं.

“दिसतंय.”

“उजवीकडचं?”

वहिनीला फळीच्या कडेवरून कोपऱ्यातला आरसा दिसत होता आणि आरशात फौजदारबाई. म्हणजे त्यांनाही ती दिसत होती. दोघींची नजर आरशात मिळाली. फौजदारबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, कोयंड्याच्या बाजूला. मग चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

तेव्हा वहिनीला सगळं कळलं. बायको दार लावेल, हे शेठच्या कधी स्वप्नातही आलं नसतं. खरं तर तिच्याही आलं नव्हतं.

ती बाहेर पडली. दोन पावलं, उंबरा, मग दार ओढलं, कोयंडा चढवला, कुलूप दाबलं आणि जुडगा काढून घेतला. किल्ल्या वाजल्या, पण आता त्याचं भय नव्हतं.

“बघा शेठ,” फौजदारबाईंचा आवाज आला. “सकाळी अगदी असंच झालं. कोणीही मदत केली नाही. तुम्ही पाठ फिरवली, तेवढं पुरलं.”

मग दारावर पहिली धडक बसली. शेठ बायकोला हाका मारायला लागला. वहिनी जिन्याकडे पळाली. पाठीमागून फौजदारबाई शांतपणे बोलत होत्या की मी शब्द दिलाय तो पाळते, तुमची बहीण कारखान्यात रोलांच्या मागे आहे, भिंतीवरची रेघ बघितली असतीत तर तुम्हालाही कळलं असतं. आणि शेठ खिडकीकडे वळला असावा, कारण पुढचं वाक्य तिने खालच्या मजल्यावरून ऐकलं.

“त्या दोराच्या भरवशावर राहू नका. तो उरेब आहे.”

८

मास्तरने तिच्या हातातला जुडगा पाहिला आणि एक शब्द न विचारता दोन रोल बाजूला ओढले. धाकटी बाहेर आली ती रांगतच. तिचे केस धाग्यांनी भरले होते आणि पाय इतके बधिर झाले होते की वहिनीने काखेत हात घालून तिला उभं केलं. मास्तरने पाण्याचा तांब्या दिला. तिने तो उभ्याने संपवला आणि मगच विचारलं, “दादा?”

“वर. तुझ्या खोलीत.”

धाकटीने तिच्याकडे बघितलं. तिला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हींना वेळ नव्हता. वरून धडका ऐकू येत होत्या. जाळीवाला कुठल्याही क्षणी गेटवर आला असता.

गेटपाशी सासूबाई खुर्चीत बसली होती. लेक तिथे बसवून गेला होता तशीच, गेटच्या बरोबर मध्ये. धडका आणि हाका तिला ऐकू येत नव्हत्या असं नाही. तिने लेकीकडे पाहिलं. तिच्या केसांतले धागे, धुळीने माखलेला चेहरा, सोललेले गुडघे, सगळं सावकाश बघितलं. मग सुनेच्या हातातल्या किल्ल्यांकडे.

“आई, बाजूला व्हा,” वहिनी म्हणाली. या बाईला असं काही तिने जन्मात म्हटलं नव्हतं.

सासूबाई उठली नाही. म्हाताऱ्या बाईला खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवावं लागेल, आणि आपण ठेवू, असं वहिनीने मनाशी ठरवूनही टाकलं.

मग सासूबाईने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि जोर करून उठली. खुर्ची ओढत भिंतीशी नेली आणि पुन्हा बसली, आता गेटकडे पाठ करून.

वहिनीने कुलूप काढलं. गेट कुरकुरत सरकलं आणि रस्त्यावरचं ऊन आत आलं. धाकटी बाहेर पडली आणि वळली. “वहिनी, तू?”

वहिनी उंबऱ्यावर थांबली होती. तिच्या अंगावर घरातली साडी होती, जवळ पैसे नव्हते, आणि कुठे जायचं ते माहीत नव्हतं. राहिली तर वरचं दार कधीतरी उघडेल, हे मात्र पक्कं माहीत होतं. तिने सासूच्या पाठीकडे बघितलं.

“तो उतरला की मला विचारेल,” सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. “मी सांगेन, सकाळपासून इथेच बसलेय. गेटमधून कोणी गेलं नाही. ती गेली नाही, आणि तूही गेली नाहीस.”

तिने खुर्ची आणखी थोडी भिंतीकडे सरकवली.

“शोधू दे त्याला घरात. जा आता दोघी, आणि गेट लोटून घ्या.”